दारावरचा लाल दिवा
सन १९९७. प्रकाशाच्या स्पंदांना आकार देऊन अणूतले इलेक्ट्रॉन ठरवलेल्या बाजूलाच बाहेर काढायचे, यासाठी तिने चार वर्षं प्रयोगशाळेत घालवली होती. "इलेक्ट्रॉन तुझं ऐकतील गं, तू माझं कधी ऐकणार?" सोबतचा संशोधक चिडवायचा. परदेशी निघण्याआधी तो त्या दिवशी प्रयोगशाळेत लग्नाचं उत्तर घ्यायला येणार होता. ती हो म्हणणार होती. त्याच दुपारी पडद्यावरचे इलेक्ट्रॉनांचे सगळे ठिपके ठरवल्याप्रमाणे डावीकडे गोळा झाले. इलेक्ट्रॉनांनी ऐकलं होतं. लेझर बंद करून ती वाट बघत बसली. संध्याकाळी दार उघडलं. लेझर चालू असल्याचं सांगणारा बाहेरचा लाल दिवा जळतच होता; तो बंद करायला ती विसरली होती. दिवा लागल्यावर दार वाजवायचं नाही, हा नियम तिचाच. कडीत चिठ्ठी: "दोन तास थांबलो. उत्तर समजलं." तिने पत्र लिहीपर्यंत त्याचं लग्न ठरलं. पुढे तो आजोबाही झाला. निवृत्त झाल्यापासून ती दिवसभर घराच्या दाराची कडी काढून ठेवते.