साथ देणाऱ्यांचं पान

"पयला वासा बापानं घातला, दादाच्या पाठीत. माज्याच लग्नाच्या मांडवाचा. चालू हाय ना तुजा मोबाइल?"

"चालू आहे, मावशी," प्राची म्हणाली.

तिला वाटलं होतं, चहाचे दोन कप झाल्याशिवाय ही बाई काही तोंड उघडायची नाही. खाडीकाठच्या गावांत घरची असली गोष्ट म्हणजे झाकली मूठ. पण हौसानं अठ्ठावीस वर्षं मिटलेली मूठ चहाला उकळी यायच्या आत उघडली.

"गेल्या साली नवरा गेला," ती म्हणाली. "आता कुनाला भ्यायचं?"

प्राची आणि तिचे सोबती पनवेलच्या समलिंगी माणसांचा इतिहास गोळा करत होते. जुने फोटो, पत्रं, कोण कुठे भेटायचं, कोणाला कोणी मारलं. मार खाल्लेल्यांची पानं भराभर भरत होती. साथ देणाऱ्यांसाठीही एक पान राखलं होतं. त्यावर पहिलं नाव हौसाचं घालायचं, हा धर्मराजचा हट्ट होता.

धर्मराजचं पनवेलच्या बाजारात शिलाईचं दुकान. हौसाचा मोठा भाऊ बाळू म्हणजे त्याचा जीव की प्राण. दोघांच्या चिठ्ठ्या हौसा ब्लाऊजच्या कापडात लपवून न्यायची-आणायची. "एकही चिठ्ठी चुकवली नाही पोरीनं," धर्मराज अजून सांगतो. मग एके दिवशी बाळू नाहीसा झाला. सुरतेला पळाला, असं गाव म्हणालं. आपल्याला टाकून तो गेला, हे धर्मराजला कधी पटलं नाही आणि कधी विसरताही आलं नाही. "एवढंच विचार," त्यानं प्राचीला निघताना सांगितलं होतं. "जाण्याआधी त्यानं मला बोलावलं होतं का?"

"कशावरून झालं, मावशी?"

"माज्या सासरी कुनीतरी जाऊन सांगितलं. ते बोलले, त्या पोराला घरात ठेवाल तर हळद लागनार नाय. मांडवाचे वासे आंगनात येऊन पडलेले. माळ्यावरच्या लग्नाच्या तांदळाला उंदीर लागलेले, म्हनून दादानंच सकाळी बाजारातून औषध आनून वर ठेवलं. खाली उतरला आन बापानं धरला."

एका चुलत्यानं पाय दाबून धरले. दुसऱ्यानं डाव्या हाताची बोटं पाट्यावर ठेवली आणि वरवंट्यानं एकेक ठेचली. उजव्या हाताकडे वळला तसा बाप म्हणाला, तो ऱ्हाऊ दे, मांडव बांधायला लागंल.

"बापूस मारताना रडत व्हता," हौसा म्हणाली. "पन थांबला नाय. वासा मोडला तवा दुसरा घेतला."

प्राचीनं वही उघडली.

"मग खोलीत नेऊन टाकला. नाकातोंडातून रगत. मी उशाशी बसले. हळदीचं दूध पाजलं, वाटीवाटीनं. पहाटे गेला. खाडीत सोडला. सुतक नाय पाळलं. आठव्या दिवशी मला हळद लागली. कान पिळायला चुलतभाऊ उभा केला."

प्राचीनं डोळे पुसले आणि वहीत लिहिलं: मारेकरी, वडील आणि दोन चुलते. साथ देणाऱ्यांच्या पानावर लिहिलं: त्या घरात त्याला दूध पाजणारी एकटी बहीण.

हौसा उठली. कपाटातल्या लग्नाच्या शालूच्या घडीतून तिनं एक पिवळा पडलेला कागद काढला आणि प्राचीच्या हातात दिला. अक्षर वेडंवाकडं होतं.

'धर्मा, मला उठता येत नाही. रिक्षा घेऊन ये. आधी दवाखाना, मग पोलीस. हौसाबरोबर पाठवतोय.'

बोलावलं होतं! प्राचीला रडावं की हसावं कळेना. धर्मराजच्या हातात हा कागद कधी एकदा ठेवते, असं तिला झालं.

"ही तेवढी चिठ्ठी पोचवता आली नाही तुम्हाला," ती म्हणाली. "दाराला कडी घातली असेल ना?"

"दार उगडं व्हतं. बापूस आन चुलते आंगनात मांडव बांधत व्हते. मला कोन अडवनार?"

"मग?"

"मी चिठ्ठी वाचली. पोलीस आले आसते तर कसली हळद आन कसलं लगीन?"

हौसानं मोबाइल स्वतःकडे ओढून घेतला. तिचा आवाज अजिबात हलला नाही.

"त्या पानावरचं माजं नाव खोड. चिठ्ठी कमरेला खोचली आन मी माळ्यावर चढले. दूध कडू लागतंय, बोलला. मी बोलले, हळद जास्त पडली आसंल. पी, दादा."