चेहरा दिसत नाही

“यापुढे जगात कुणी कुणाला फसवू शकणार नाही. माणसाचा चेहरा हीच त्याची किल्ली,” मुलानं जाहीर केलं आणि नवा फोन अप्पांच्या तोंडासमोर धरला.

किल्ली लागेना. ‘चेहरा दिसत नाही,’ अशी अक्षरं फोनवर उमटली. अप्पांना त्याचं वाईट वाटलं नाही. घरातही तो कुणाला विशेष दिसत नसे.

“अप्पा, डोकं हळूहळू गोल फिरवा. इतकं हळू नाही. चष्मा काढा. आता लावा. मध्येच जांभई काय देता?” मुलानं काच पुसली, दिवा लावला, अप्पांना खिडकीपाशी नेलं, तिथून परत आणलं. सुनेनं त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारून पाहिले. केस फारसे नव्हतेच.

“त्या मशीनला म्हणावं, दमानं घे. मलाही वेळ लागला होता,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

अप्पांनी उभी नोकरी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीत काढली होती. नळ कोरडा पडलेली माणसं खिडकीत तोंड घालून वाट्टेल ते बोलत आणि अप्पा “बघतो हं” म्हणत. रागवायचं समोरच्यानं, आपण फक्त नोंद करून घ्यायची, अशी त्यांची समजूत होती. निवृत्तीनंतर तीच खिडकी त्यांनी घरात उघडली होती. चहा गार आला तर ते गार पीत.

“आणि हो,” फोन धरल्या धरल्या मुलगा म्हणाला, “रविवारी तुमची कॉट मागे हलवू. वॉशिंग मशीनशेजारी. मला घरून काम करायला पुढची खोली लागणार. तुम्हाला काय, कुठेही झोप लागते.”

अप्पांची कानशिलं तापली. भुवया एकमेकींना भेटायला आल्या. नाकपुड्या फुलल्या, खालचा ओठ पुढे आला. आयुष्यात प्रथमच हे सगळे अवयव एका कामाला लागले होते. फोन आनंदानं थरथरला.

“घ्या, झालं,” मुलगा म्हणाला. तो फोनकडे बघत होता.

तेव्हापासून फोन त्या एकाच चेहऱ्याला ओळखू लागला. अप्पांच्या रोजच्या, सोशिक चेहऱ्याला तो दारात उभं करीना. आकड्यांचं कुलूपही होतं, पण आकडे मुलानं ठेवले होते आणि मुलगा ते विसरला होता. हे त्यानं कबूल केलं नव्हतं, एवढंच. शेवटी अप्पांनी आपली युक्ती काढली. फोन समोर धरायचा आणि वॉशिंग मशीनशेजारची कॉट डोळ्यांपुढे आणायची. भुवया आपोआप जमत. फोन उघडे. मग अप्पा शांतपणे हवामान बघत. हवामान ते दिवसातून बरेचदा बघत.

घराला हवामान दिसत नव्हतं. घराला फक्त चेहरा दिसत होता.

पहिल्यांदा तो बायकोनं पाहिला. तिनं समोरचा कप मुकाट्यानं उचलला आणि चहा गरम करून आणला. मग सुनेनं टीव्हीचा आवाज कमी केला. शनिवारी जेवताना मुलगा म्हणाला, “तर उद्या कॉट हलवू,” आणि उद्या पाऊस आहे का ते बघावं म्हणून अप्पांनी नेमका तेव्हाच फोन हातात घेतला.

मुलाचा घास हातातच राहिला.

“म्हणजे, तसं काही ठरलेलं नाही,” तो म्हणाला. “मीच बसेन मागे. मशीनची घरघर असली की माझं लक्ष चांगलं लागतं.”

अप्पांना काही उमगलं नाही. “बघतो हं,” ते सवयीनं म्हणाले. घरानं ती धमकी समजली.

रविवारी मुलाचं टेबल मागे गेलं. त्याच्या मीटिंगमध्ये आता सगळ्या कंपनीला कपडे पिळल्याचं ऐकू येई. अप्पांच्या कॉटवर नवी चादर आली, पाठीला तक्क्या आला. चहा इतका कढत येई की जीभ पोळे. “तुम्ही म्हणाल तसं,” असं एकदा बायको म्हणाली आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकली.

आणि फोन उघडायचा बंद झाला.

अप्पांनी कॉट डोळ्यांपुढे आणली. ती पुढच्या खोलीत, नव्या चादरीसकट आली. खिडकीतून शिव्या घालणारी माणसं आठवली, तर त्यांची दयाच आली. बिचाऱ्यांच्या नळाला खरंच पाणी नसायचं. आरशासमोर भुवया गोळा करून पाहिल्या. दाढ दुखत असावी असं दिसलं. फोननंही बहुधा तेच ताडलं. अशात बहिणीचा निरोप आला. ती आजी झाली होती, बाळाचा फोटो पाठवला होता. एवढं बंद फोनवर वाचता येत होतं. बाळ मात्र आत होतं.

दुपारी अप्पांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. तिघं ओळीनं उभी राहिली. अप्पा कॉटवर बसले होते, फोन मांडीवर होता.

“घर कुणाच्या नावावर करायचं ते सांगणार बहुतेक,” सून कुजबुजली.

“तू गप्प बस,” सासू तितक्याच हळू म्हणाली.

मुलानं घसा साफ केला. “अप्पा, आमचं काही चुकलं असेल तर स्पष्ट बोला. पण असं आतल्या आत नका ठेवू.”

“चुकलंय कुठे?” अप्पा कळवळून म्हणाले. “किती चांगले वागताय सगळे. तीच तर पंचाईत झाली आहे.”

कुणाला काही कळलं नाही. अप्पांनी चष्मा सारखा केला, फोन तोंडासमोर हातभर अंतरावर धरला आणि बायकोकडे वळून अगदी हळू म्हणाले,

“अगं, मला जरा टोचून बोल ना. ताईच्या नातवाचा फोटो आलाय, तेवढा बघायचाय.”