घुसळणीला हात

"नको," म्हातारी म्हणाली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

नोरीन बघतच राहिली. कवी फेलिम टिअर्नीच्या घराचं स्मारक-केंद्र झाल्यापासून या स्वयंपाकघरात कुणी नको म्हटलं नव्हतं. घरात लोणी घुसळत असताना आत आलेल्या माणसानं सायीच्या पिंपातल्या दांड्याला हात लावायचा, चारदा वरखाली करायचा आणि मगच बाहेर पडायचं, ही आयर्लंडच्या या कोपऱ्यातली जुनी रीत. हात न लावणारा त्या घरचं लोणी पळवतो म्हणतात. आता हे कुणी मानत नाही. पण बसमधून आलेले जर्मन पाहुणेसुद्धा हौसेनं हात लावून मोकळे झाले होते. काठी टेकत एकटी आलेली ही बाई मात्र नुसती बघत होती.

बघत तरी काय होती? लोक कवीचा चष्मा बघतात, टोपी बघतात. ही समोरच्या भिंतीवर लावलेल्या त्याच्या सगळ्यात गाजलेल्या कवितेपुढं खिळली होती. कविता शेजारच्या केट रूनीवर. मे महिन्याच्या पहिल्या सकाळी केट टिअर्नींच्या दारात आली, घुसळणीला हात न लावता निघून गेली, आणि त्या दिवशी घरात लोणी आलं नाही. कवीनं ही नाकाडी लोणीचोर अशी काही रंगवली होती, की शाळेतली पोरं अजून ती कविता म्हणून खिदळतात. केंद्राच्या दुकानात सर्वांत जास्त खपतो तो केटचं नाकाड छापलेला टॉवेल. खरं सांगायचं तर हे केंद्र कवीपेक्षा केटच्याच जिवावर चाललं होतं.

आजही मेची पहिलीच तारीख होती. घुसळणीचा कार्यक्रम मुद्दाम त्या दिवशी ठेवलेला. आणि लोणी काही येत नव्हतं.

नोरीन ही कवीची पुतणी. आल्यागेल्याला ती हे नातं आधी सांगायची, आणि काकाचं घर तिनं जिवापाड सांभाळलं होतं. तिला आधी वाटलं, बाई कौन्सिलची असणार. ती माणसं न सांगता तपासणीला येतात आणि खोट काढून जातात. अंदाज घ्यावा म्हणून तिनं चहा विचारला.

"नको, उगाच कशाला त्रास."

"त्रास कसला? घ्या की."

"नको नको."

असं म्हणून बाई किटलीकडे बघत राहिली. नोरीनच्या मनात पाल चुकचुकली. तिकीट घेताना तर बाई लिव्हरपूलची आहे म्हणाली होती. परका माणूस एकतर पटकन हो म्हणतो, नाहीतर एकदाच नाही म्हणून मोकळा होतो. दोनदा नको म्हणून तिसऱ्या आग्रहाची वाट बघणारी माणसं इथलीच. मग ही ते लपवते कशाला?

तिकिटं फाडणारा डिनी तिच्या कानाशी लागला. "हिनंच पळवलंय बघ लोणी."

"गप रे. लोक ऐकतील."

"ऐकू देत की. त्याचेच तर पैसे देतात."

नोरीनचे हात भरून आले होते. पिंपात नुसता फेस. म्हातारी दाराकडे वळली, तशी नोरीन आडवी गेली.

"बाई, आमची रीत आहे. हात लावल्याशिवाय जाता येणार नाही," ती हसून म्हणाली, पण दारातून हलली नाही.

"माझं नाव विचारलंस?"

"नाव कशाला हवं? आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

"सगळ्यांना सांगतेस, ते ठाऊक आहे. मला सांगताना आधी नाव विचार."

"बरं. काय नाव?"

"उना रूनी. केटची मुलगी."

डिनी तिकिटं विसरून पुढं सरकला.

"त्या सकाळी मी आईचं बोट धरून इथंच उभी होते," उना म्हणाली. "आईनं हात पुढं केला होता. तुझ्या आजीनं दांडा मागं ओढला आणि गावभर सांगितलं, केटनं हात लावला नाही. तुझ्या काकानं त्याची कविता केली. मग कुणी आईला दारात उभं करीना. त्याच हिवाळ्यात आम्ही लिव्हरपूलच्या बोटीत बसलो."

नोरीनला राग आला. म्हातारीचा की आजीचा, ते तिलाच कळेना. हिचं खरं धरलं तर भिंतीवरची कविता खोटी. कविता खोटी, तर लोकांना दाखवायचं काय, चष्मा? ती दारातून बाजूला झाली.

"उना रूनी," ती म्हणाली, "या. हात लावा."

उनानं काठी भिंतीला टेकवली. तिनं दांडा धरला. तिचं घुसळणं पक्कं होतं. चारदा घुसळून ती थांबली. पिंपाच्या अंगाला तिनं तळवा लावला आणि फक्त नोरीनला ऐकू जाईल असं म्हणाली, "तापलंय गं हे."

नोरीननं हात लावून पाहिलं. बस लवकर आली, लोणी झटपट यावं म्हणून सकाळी तिनं सायीत गरम पाणी ओतलं होतं, जरा जास्तच. तापलेल्या सायीचं लोणी धरत नाही, हे इथल्या कुठल्याही पोरीला कळतं. चोर शोधायच्या नादात तिला ते आठवलंच नव्हतं.

"बघा!" डिनी ओरडला. "रूनीचा हात लागला तरी लोणी नाही ते नाहीच!"

पाहुणे हसले. फोटो निघू लागले. नोरीन नुसती हसली असती तरी भागलं असतं. सगळे टॉवेल घेऊन खुशीत घरी गेले असते. उनानं भिंतीकडची काठी हातात घेतली. तिला या हसण्याची सवय असावी.

नोरीननं पिंपावर झाकण ठेवलं.

"लोणी कुणी नेलेलं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "घाईत मीच गरम पाणी जास्त ओतलं. चूक माझी."

उनानं तिच्याकडे पाहिलं.

"एवढंच तुझी आजी म्हणाली असती," ती म्हणाली, "तर मी इथंच म्हातारी झाले असते."