नमुन्यातली मेंढी

आईने विणलेला शेवाळी स्वेटर पाहून लेकीने नाक मुरडलं होतं. "टोचतो गं," म्हणाली होती. नोकरीच्या गावी जाताना तिने तो बॅगेत कोंबला खरा, पण त्यानंतर आईने फोनवर जेवण विचारलं, झोप विचारली, स्वेटरचा विषय काही काढला नाही.

आज लेकीचा फोन आला तो रडकुंडीला येऊनच. प्रयोगशाळेत ती माणसाच्या रक्तातली प्रथिनं वेगळी करून यंत्रावर मोजायची. तीन आठवड्यांच्या नमुन्यांत यंत्राला मेंढीचं प्रथिन सापडलं होतं. मेंढी आणली कुणी म्हणून लॅबभर हसं झालं. शेवटी तिथल्या मोठ्या बाईंनी तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीतून डोकावणारी शेवाळी लोकर बोटाने दाखवली.

"तू विणलेल्या स्वेटरचे तंतू पडले गं त्यात. सगळं काम पाण्यात गेलं. आता पहिल्यापासून करायचं."

"अगं बाई. सगळ्याच नमुन्यांत?"

"सगळ्याच. एक दिवस सुटलेला नाही."

आई हळूच म्हणाली, "म्हणजे रोज घालतेस."