तीन वाजताची भुणभुण

तीन वाजून चार मिनिटांनी भुणभुण पुन्हा सुरू झाली आणि दादूने गिटार गादीवर टाकून दिली.

"आली बया!" तो भिंतीकडे बघून म्हणाला.

दोन महिने हेच चाललं होतं. तीन वाजले की स्पीकरमध्ये माशी अडकल्यासारखा आवाज यायचा आणि पाचच्या सुमारास आपला आपण जायचा. सकाळी दादू शाळेत गाणं शिकवायचा, संध्याकाळी वरच्या मजल्यावरची पोरं छत डोक्यावर घ्यायची. रेकॉर्डिंगसाठी म्हणून दिवसाचे तेवढेच दोन तास आणि नेमके तेच नासलेले.

आज तर डोक्यावरून पाणी जायची वेळ आली होती. नाटकाचं संगीत सहापर्यंत पोचवायचं होतं. पाच वर्षं लिफ्टमध्ये वाजणाऱ्या धुना करून झाल्यावर त्याचं नाव लागणार होतं असं हे पहिलं काम. काल जेवणाच्या टेबलावर फोन स्पीकरवर होता आणि दिग्दर्शिका बाई स्पष्टच बोलल्या होत्या, "वरचं छान आहे हो, पण खालून पोकळ वाटतंय. आणि ती भुणभुण काढा. उद्या सहापर्यंत झालं नाही, तर मला दुसरीकडे सांगावं लागेल."

शेजारी आई कप पुसत होती.

खालून पोकळ वाटणारच. बेस गिटारवर खालचे जाड सूर वाजवणारा मित्र भांडून गेला त्याला तीन महिने झाले होते. तेव्हा दादूने बाबांची जुनी बेस गिटार मागितली होती. बाबा गेल्यापासून ती माळ्यावर पडून होती. "ते धूड होय? कधीच देऊन टाकलं," आई म्हणाली आणि विषय तिथेच संपला.

राहता राहिली पेडल्स. पायाने दाबायचे, गिटारचा आवाज बदलणारे लोखंडी डबे. एके काळी या जमिनीवर आठ होते. एक आवाज जाड करणारा, एक थरथरवणारा, एक घुमवणारा, एक गिटारलाच खर्जात उतरवणारा. प्रत्येकाच्या बटणावर दादूने आपल्याला हवी ती जागा बहिणीच्या लाल नेलपॉलिशच्या ठिपक्याने पक्की केली होती. त्याचा जीव होता त्या डब्यांवर.

आईला ते डोळ्यांसमोर नको असत. "दुकान मांडलंय नुसतं! पाय ठेवायला जागा नाही. आणि आवाज करतोय ना तो हिरवाच आहे, मला विचार."

हैराण झालेल्या माणसाला कोणाचंही पटतं. दादूने हिरवा काढून दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात विकायला ठेवला. दोन दिवसांत गेला. भुणभुण राहिली. मग आईने पिवळ्याकडे बोट दाखवलं. मग काळ्याकडे. असे सात गेले.

"घेतं कोण एवढे?" त्याने एकदा काकांना विचारलं होतं.

"आहे एक गिऱ्हाईक. नवशिकं आहे, पण चिकाटी दांडगी. लाल ठिपके पुसू नका म्हणतं," काका म्हणाले. "निळा कधी देताय?"

निळा एवढाच उरला होता. उंचसखल आवाज एका पातळीत आणणारा. आज दुपारी जेवताना आई म्हणालीही होती, "तो निळाच असणार बघ. देऊन टाक एकदाचा." तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती. भाजी चिरताना कापलं म्हणे. मग नेहमीसारखी ती दार लावून आडवी झाली. अलीकडे दुपारी तिला बेल वाजलेलीसुद्धा ऐकू यायची नाही. एकदा कान तपासून घ्यायला हवेत, असं दादूच्या मनात येऊन गेलं होतं.

त्याने निळ्याची वायर उपटली आणि गिटार सरळ स्पीकरला जोडली.

भुणभुण तशीच.

दादूने वायर खाली टाकली. म्हणजे सातही डबे निर्दोष होते. आपल्या हाताने त्याने त्यांना घराबाहेर काढलं होतं आणि त्यांचा गुन्हा काहीच नव्हता. त्याला रडू यायचं बाकी होतं.

मग तो तिरीमिरीत उठला. स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवून पॅसेजमधल्या फ्यूजच्या पेटीपाशी गेला आणि आपल्या खोलीचा सोडून एकेक खटका पाडत सुटला. फ्रिज बंद. भुणभुण चालू. पाण्याची मोटर. चालू. बैठकीची खोली, मोरी, स्वयंपाकघर. चालू, चालू, चालू.

शेवटचा खटका आईच्या खोलीचा होता. झोपमोड होईल म्हणून तो क्षणभर थांबला. मग घड्याळाकडे पाहिलं आणि पाडला.

भुणभुण थांबली.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच तीन ते पाचच्या मधे घर इतकं शांत झालं होतं. त्या शांततेत आईच्या खोलीतून खणखणीत आवाज आला, "कोणी रे घालवली लाईट? आत्ता कुठे शेवटची ओळ बसत होती!"

दादूने दार ढकललं.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. कानांवर हेडफोन, मांडीवर बाबांचं धूड, शेजारी प्लगला लावलेला त्याचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. पायांशी हिरवा, पिवळा, काळा असे सात डबे ओळीने मांडलेले, लाल ठिपके जागच्या जागी. वीज गेली तरी तिची चिकटपट्टीवाली बोटं थांबली नव्हती. तारांमधून बारीक आवाजात त्याचीच धून येत होती. पण खालची बाजू, त्याला तीन महिने न सापडलेली.

तिने हेडफोन मानेवर ओढले आणि घड्याळाकडे पाहिलं.

"बघत काय राहिलास? सहाला द्यायचंय ना? खटका वर कर आणि तो निळा घेऊन ये. त्याच्यावाचून माझं खालून पोकळ वाटतंय."