पुसलेला बिघाड

डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला. म्हणजे ब्रेक कचकन दाबला, की चाकं जाम होऊन गाडी घसरणार. दोन व्हिडिओ बघून इंजिनिअर झालेल्या नवरोबांनी स्टिअरिंगखाली बिघाड शोधणारा स्कॅनर खुपसला. मोबाइलवर उमटलं : मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर. त्यांनी स्क्रीनवरचं ‘पुसा’ दाबलं. दिवा विझला.

“बघ! आणि मेकॅनिक लेकाचे दोन दिवस गाडी अडकवून ठेवतात.”

“अहो, त्या चाकामागे वायर तुटून लोंबतेय. मी आत्ताच वाकून बघितली.”

“वाकून दिसायला तो काय केर आहे? मशीन म्हणतंय बिघाड नाही, म्हणजे नाही. जा, तुझ्या आईला दवाखान्यात घेऊन जा. वाटेतला तो घाटाचा उतार गाडी हसत उतरेल.”

“माझी आई सकाळीच बसने गेली. मी तुमच्या आईंना नेतेय, दातांच्या डॉक्टरकडे. बसवू त्यांना गाडीत?”

सासूबाई पर्स घेऊन दारात उभ्याच होत्या. नवरोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या विझलेल्या दिव्याकडे, आणि गपचूप किल्ली खिशात टाकली.

“थांब, टॅक्सी बोलावतो. आणि ड्रायव्हरला सांग, उतारावर सावकाश घे म्हणावं.”