निघण्याआधीच पोचलेला

नागपूरहून पुण्याला जाणारं नवं विमान निघायच्या दोन तास आधीच पुण्यात पोचायचं. त्यामुळे शार्दूलचा "आई, पोचलो" असा फोन यायचा, तेव्हा तो घरीच बूट घालत असायचा. बोलायचं कुठल्या लेकाशी, हे कुंदाबाईंना कधी उमगलंच नाही.

आज मात्र फोन आला नव्हता. उद्या त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

"राहतो गं आई," म्हणत शार्दूलने बॅग खाली ठेवली. कुंदाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा टाकला.

तेवढ्यात फोन वाजला. "आई, पोचलो. रागावू नकोस ना."

मग हा सोफ्यावर पाय पसरून बसलाय तो कोण? त्यांनी फोन खाली ठेवला.

"कोणाचा गं फोन?" शार्दूलने विचारलं.

कुंदाबाईंनी गॅस बंद केला आणि निघताना द्यायचं दही त्याच्या तळहातावर ठेवलं.